सरकारी वकील आधी भेटतात का? कोपर्डी, खर्डा आणि रोजच्या तारखा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी लिहून काढतोय. बोलताना अडखळलो तिथली वाक्यं नीट केलीत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात ओळखीतल्या एका ताईंपासून. नवऱ्याच्या मारहाणीची केस. साक्षीच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हातात फायलींचा गठ्ठा. "जबाबात आहे तेवढंच सांगा," म्हणाले आणि आत गेले. जबाब दिला होता तीन वर्षांपूर्वी, आणि तो नंतर कुणी ताईंना वाचून दाखवला नव्हता. उलटतपासात त्या तारखांमध्ये अडकल्या. वकील वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे अजून बऱ्याच केसेस होत्या.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. सरकारी वकील हा फिर्यादी बाईचा वकील नसतो, तो राज्याचा असतो. खटला 'राज्य विरुद्ध अमुक' असाच चालतो. ती बाई कायद्याच्या नजरेत साक्षीदार. तिला आधी भेटणं, कोर्टात काय काय होईल ते सांगणं, हे बहुतेक ठिकाणी त्या त्या वकिलाच्या स्वभावावर सोडलेलं असतं.

आता आपल्या नगरचं उदाहरण. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. (तिचं नाव मी घेणार नाही, कायद्यानं घेताही येत नाही.) राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. सरकारनं उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं. घटना घडताना पाहणारं कुणी नाही, म्हणजे सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर. त्यात दोघा आरोपींवर आरोप कटाचा आणि साथ देण्याचा. हा सिद्ध करायला अवघड, कारण प्रत्येक दुवा वेगळ्या साक्षीदाराकडून जोडून घ्यावा लागतो. सरकार पक्षानं ३१ साक्षीदार तपासले. १८ नोव्हेंबर २०१७ ला न्यायाधीश सुवर्णा केवले यांनी तिघांनाही दोषी ठरवलं, २९ तारखेला फाशी सुनावली.

या दोन तारखांच्या मधल्याच आठवड्यात नगरच्या जिल्हा न्यायालयात दुसरा एक निकाल लागला. जामखेड तालुक्यातलं खर्डा, २०१४, एका दलित मुलाचा खून. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा संशय. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. हे प्रकरण लैंगिक अत्याचाराचं नाही, मला कल्पना आहे. पण तोच जिल्हा, तेच कोर्ट, तोच महिना. साक्षीदार टिकला तर केस टिकते आणि फुटला तर फुटते, हे एवढं स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही.

घरगुती हिंसेत तर फुटायला बाहेरचा दबावही लागत नाही. ४९८अ ची केस, जी आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ खाली येते, ती चालेपर्यंत बाई माहेरी कंटाळलेली असते, भाऊ म्हणतो मिटव, मुलांची फी थकलेली असते. ती कोर्टात सांगते, "माझी तक्रार नाही." सरकारी वकील तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात, चार प्रश्न विचारतात, विषय संपला. आधी महिनाभर कुणी विचारलं असतं, की ताई, पोटगीचा अर्ज केलाय का, राहायची सोय आहे का, तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, निवासाचा आदेश आहे. पण तो अर्ज वेगळा आणि फौजदारी केस वेगळी. दोन्ही फायली एकमेकींना ओळखत नाहीत. (आमच्या धंद्यात याला दोन सिस्टिम्सचं इंटिग्रेशन नसणं म्हणतात.)

सुधारणा काय, तर बऱ्याचशा कागदावर आहेतच. पोक्सोमध्ये मुलाला वकिलानं थेट प्रश्न विचारायचे नसतात, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. बाईच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांवरून उलटतपासात प्रश्न विचारता येत नाहीत, आणि विचारले तर तिथल्या तिथे हरकत घेणं हे सरकारी वकिलाचं काम आहे. तो गप्प बसला तर कलम पुस्तकात राहतं. बलात्काराचा खटला दोषारोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत संपवायचा, असंही लिहिलेलं आहे. वाचून हसू येतं, पण लिहिलंय खरं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा किशनभाई निकाल. अहमदाबादमधल्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून, आणि आरोपी सुटला, कारण तपास ढिसाळ, डीएनए तपासणी नाही, महत्त्वाचे साक्षीदार कोर्टात आणलेच नाहीत. न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की आरोपी सुटलेल्या प्रत्येक केसची तपासणी करा, चूक कुणाची ते नोंदवा, आणि त्यातून सरकारी वकिलांचं प्रशिक्षण उभं करा. सर्व्हर पडला की आम्ही दुसऱ्या दिवशी बसून नेमकं काय चुकलं ते लिहितो. इथे माणसाचं आयुष्य पडतं, तर निदान तेवढं तरी व्हावं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक जिल्ह्यात अभियोग संचालनालयाचं कार्यालय असू शकतं. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या केसेसवर सहायक संचालकांनी लक्ष ठेवायचं, म्हणजे ताईंसारख्या केसेस त्यांच्याकडे येतात. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या केसेस संचालकांकडे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आता पीडितेचं म्हणणं आधी ऐकावं लागतं.

आणि एक, जे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलाला मदत करायला फिर्यादी बाई कोर्टाच्या परवानगीनं स्वतःचा वकील देऊ शकते. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. ताईंनी आता केलाय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि यावेळी जबाबाची नक्कल त्यांच्या पिशवीत आहे.