बोर्डो मिश्रणांतील मोरचूद व चुना यांचा जमाखर्च

गतसालीं आमच्या द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रणाची फवारणी केली. मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १०० लिटर हें रूढ प्रमाण तंतोतंत पाळलें होतें. तथापि थोड्याच दिवसांत कोंवळीं पानें करपलीं. चूक वजनांत नव्हती. चुना पावसाळाभर उघड्या पोत्यांत पडून होता, ही ती चूक. ती कशी, हें समजण्यास रसायनशास्त्रांतील थोडा हिशेब पुरे आहे. माझें आयुष्य महसूल खात्याच्या खतावण्यांत गेलें. मला तो हिशेब जमाखर्चासारखाच वाटला, म्हणून वाचकांपुढें मांडतों.

आंबे डझनानें मोजतात, लिंबेंही डझनानेंच. नग सारखे, परंतु वजन निराळें. पदार्थाचे रेणु अतिसूक्ष्म असल्यामुळें त्यांचा डझन फार मोठा धरावा लागतो. त्यास मोल म्हणतात. ६०२ या आंकड्यापुढें २१ शून्यें मांडलीं म्हणजे एका मोलांतील नग होतात. इतके नग मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. मोरचुदांत तांबें ६३.५, गंधक ३२, प्राणवायूचे ४ अणु प्रत्येकीं १६ प्रमाणें ६४, व त्यांत बांधलेलें पाणी ५ × १८ = ९०; बेरीज २४९.५, म्हणजे सुमारें २५०. सबब मोरचुदाचा एक मोल २५० ग्रॅम भरतो. कळीच्या चुन्यांत कॅल्शियम ४० व प्राणवायु १६, म्हणून त्याचा मोल ५६ ग्रॅम. त्यांत १८ ग्रॅम पाणी मिळून विरलेला चुना ७४ ग्रॅम होतो.

आतां समीकरण पाहूं:

मोरचूद १ मोल + विरलेला चुना १ मोल = ताम्र हायड्रॉक्साइड १ मोल + कॅल्शियम सल्फेट १ मोल + पाणी ५ मोल

वजनांत मांडल्यास डावीकडे २५० + ७४ = ३२४, आणि उजवीकडे ९८ + १३६ + ९० = ३२४. ताळा जुळला. एकही अणु गहाळ होत नाहीं कीं नवा उत्पन्न होत नाहीं. समीकरण जुळविणें तें हेंच.

प्रश्न असा कीं, १ किलो मोरचुदास चुना किती? प्रथम वजनाचे मोल करावे: १००० ÷ २५० = ४. समीकरणांत मोलास मोल आहे, म्हणून चुन्याचेही मोल ४. शेवटीं मोलांचें वजन करावें: ४ × ५६ = २२४ ग्रॅम. मग व्यवहारांत १ किलो कां घेतात? कारण २२४ ग्रॅम हा आंकडा निव्वळ शुद्ध व ताज्या चुन्याचा आहे. बाजारचा चुना तसा नसतो, आणि थोडा अधिक चुना पानांस धोक्यापासून राखतो.

परंतु उघडा चुना हवेंतील ओल व कर्बवायु शोषून चुनखडी बनतो. तिचा या कामीं फारसा उपयोग नाहीं. समजा, जुन्या १ किलो चुन्यांत जिवंत चुना ११२ ग्रॅमच उरला. त्याचे मोल २. तो २ मोल मोरचूद बसवील. उरलेले २ मोल, म्हणजे ५०० ग्रॅम, पाण्यांत मोकळे राहतील. प्रत्यक्षांत तांब्याचे मिश्र क्षारही बनतात, त्यामुळें आंकडा कांहींसा हलतो. निष्कर्ष मात्र बदलत नाहीं. हा मोकळा मोरचूदच पानें जाळतो.

१८८५ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं द्राक्षावरील केवडा रोगासाठीं हा उपाय प्रसिद्ध केला. उपाय उत्तम आहे. दक्षता आपण घ्यावयाची. चुना ढेकळांचा, पाणी घालतांच तापणारा असा घ्यावा. दोन्ही द्रावणें लोखंडी भांड्यांत करूं नयेत. मिश्रण झाल्यावर घासून स्वच्छ केलेलें लोखंडी पातें त्यांत मिनिटभर धरावें. त्यावर तांबूस थर चढल्यास मोरचूद मोकळा आहे असें समजून चुन्याची निवळी नव्हे, तर गाळलेलें दाट चुन्याचें पाणी घालावें, आणि थर येणें थांबेपर्यंत पुनः पाहावें. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें.

तराजू वजन सांगतो. त्या वजनांत कामाचा माल किती, हें हिशेबानें व पात्यानें पाहावें लागतें. आमची एक बहार गेल्यावर हें उमगलें. वाचकांची जाऊं नये, इतकीच इच्छा.