रेवडीची कुस्ती किती दिवस?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री जेवताना लेकीने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आई, तू सरांना काय सांगून आलीस?"

मी गप्प. तव्यावरच्या पोळीकडे बघत राहिले.

झालं होतं असं. माझी लेक अकरावीत. तीन वर्षांपासून आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात बॉक्सिंग शिकते. "नाक मोडलं तर लग्न कसं जमायचं?" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी पुरून उरले. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिच्याच वजनी गटात शेजारच्या तालुक्यातली एक मुलगी आली. तिचा ठोसा मी आदल्या वर्षी पाहिला होता. म्हणून गुपचूप सरांना गाठलं आणि म्हटलं, "हिला वरच्या वजनी गटात घाला ना, तिथे फारसं कुणी नाही." लेक सलग नऊ लढती जिंकलेली. तो आकडा मोडू नये, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू?

"म्हणजे तू माझी प्रमोटर झालीस!" ती फणकारली.

हा प्रमोटर काय प्रकार, ते मला तिच्याकडूनच कळलं. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत सोडतीत ज्याचं नाव निघेल त्याच्याशी लढावं लागतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तसं नसतं. तिथे प्रमोटर पैसा लावतो, तिकिटं विकतो, टीव्हीशी करार करतो, आणि आपल्या पोरासमोर कोण उभं राहणार हेही बहुतेक वेळा त्याचीच माणसं ठरवतात. एकही हार नसलेल्या पोराला बाजारात भाव असतो. मग तो भाव टिकावा म्हणून त्याला सोपे प्रतिस्पर्धी देत राहतात.

खरं सांगते, मला आधी यात काही गैर वाटेना. आपल्या यात्रेतही लहान पोरांच्या कुस्त्या रेवडीवर लावतात, त्याही जोड बघून. नव्या पोराला पहिल्याच दिवशी हिंदकेसरीपुढे कोण सोडेल?

आणि जपावं का लागतं, त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर 1984 च्या ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकला. मार्च 1990 मध्ये लास वेगासला त्याची गाठ मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझशी पडली. दोघंही तोवर अपराजित. तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर टेलर पुढे होता. पण मार एवढा खाल्लेला, की लढत संपायला अवघे 2 सेकंद उरले असताना रेफरीने ती थांबवली. पुढच्या वर्षी त्याने दुसरा किताब जिंकला खरा, पण तो पूर्वीचा टेलर राहिला नाही. पुढे बोलणंही जड झालं. हे ऐकून कुठल्या आईच्या पोटात गोळा येणार नाही?

"बघ, मी म्हणत नव्हते!" मी म्हटलं.

"आता त्याच चावेझच्या मुलाचं ऐक," लेक म्हणाली.

हा धाकटा चावेझ 2003 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी व्यावसायिक झाला. बापाचं नाव मोठं, त्यामुळे गर्दी आपोआप. त्याला निवडून निवडून सोपे जोड देतात, अशी टीका वर्षानुवर्षं होत राहिली. 2011 मध्ये तो जगज्जेताही झाला. सप्टेंबर 2012 मध्ये अर्जेंटिनाच्या सर्जिओ मार्टिनेझसमोर उभा राहिला तेव्हा नावावर 46 विजय होते आणि हार एकही नव्हती. मार्टिनेझने त्याला एकामागून एक फेऱ्यांत नाचवलं. शेवटच्या, बाराव्या फेरीत मात्र पोराने मार्टिनेझला खाली पाडलं. म्हणजे अंगात ताकद होती! पण ती बाहेर काढायला भाग पाडणारं कुणी आधी फारसं भेटलंच नव्हतं. लढत गेली ती गेलीच.

आणि ब्रिटनचा आमिर खान? 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी रौप्यपदक, मग व्यावसायिक म्हणून सलग 18 विजय. सप्टेंबर 2008 मध्ये मँचेस्टरला कोलंबियाच्या ब्रेडिस प्रेस्कॉटने त्याला 54 सेकंदांत झोपवलं. सगळे म्हणाले, संपला. पण तो अमेरिकेत फ्रेडी रोच या प्रशिक्षकाकडे गेला, बचाव नव्याने शिकला आणि जुलै 2009 मध्ये जगज्जेता झाला. अठरा विजयांनी जे झाकून ठेवलं होतं, ते एका हारीने उघडं केलं.

त्या रात्री बराच वेळ मी या दोघांचाच विचार करत होते. रेवडीच्या कुस्तीत वाईट काही नाही. पण वस्ताद ती पोराला पुढच्या कुस्तीसाठी तयार करायला लावतो. प्रमोटर कधीकधी ती गल्ला भरायला लावतो. पोर तयार व्हावं म्हणून जपणं वेगळं आणि आपला आकडा टिकावा म्हणून जपणं वेगळं. मी कशासाठी जपत होते? नाक मोडेल या भीतीने, की नातेवाइकांसमोर मान खाली जाईल या भीतीने? शिवाय माझ्या हुशारीत एक खुळेपणा होता, तो सरांनी दाखवला. वरच्या गटात मुली कमी असल्या तरी अंगाने भारी. म्हणजे अपमान टाळायला मी तिला जास्त माराच्या तोंडी देत होते!

लेकीचं शेवटचं वाक्य तर अजून कानात आहे. "निखत झरीनने 2019 मध्ये मेरी कोमशी निवड चाचणी स्वतः मागून घेतली. 9-1 अशी हरली. 2022 मध्ये जगज्जेती झाली ना? तू मला हरूसुद्धा देत नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, तिच्याच गटात राहू द्या. फक्त विचारलं, ती तयार आहे का? सर म्हणाले, "जिंकेल असं नाही सांगत. पण उभी राहील."

उभी राहिली. गुणांवर हरली. ओठ सुजवून घरी आली, वरणात भात कालवून हळूहळू जेवली आणि म्हणाली, "तिचा डावा हात कुठून येतो ते कळलं आता." मी बर्फ आणायला उठले. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणूनही.

मैत्रिणींनो, आपण मुलांसाठी सोपी शाळा, सोपा विषय, सोपा जोड शोधतो. कधी ते बरोबरही असतं. पण शोधताना एकदा स्वतःला विचारावं, हे त्यांच्यासाठी, की आपल्यासाठी?