राज्याचें अंदाजपत्रक आणि व्यापारी वर्गाच्या मागण्या

महाराष्ट्र राज्याचें अंदाजपत्रक साधारणतः मार्च महिन्यांत विधिमंडळापुढें येतें. त्यापूर्वीं कांहीं आठवडे व्यापारी मंडळांचीं निवेदनें मंत्रालयाकडे जाऊं लागतात. हा प्रघात जुना आहे. मुंबईचें बाँबे चेंबर १८३६ सालीं, इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ सालीं, महाराष्ट्र चेंबर शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९२७ सालीं आणि पुण्याचें मराठा चेंबर १९३४ सालीं स्थापन झालें. सरकारच्या करनीतीवर मत देणें हें अशा संस्थांचें एक प्रमुख कार्य होय. परंतु ज्या अंदाजपत्रकास उद्देशून हीं निवेदनें लिहिलीं जातात, त्याचें स्वरूप गेल्या कांहीं वर्षांत पार पालटलें आहे. हा पालट ध्यानीं घेतल्यावांचून कोणती मागणी रास्त व कोणती व्यर्थ, याचा निवाडा करतां येणार नाहीं.

मुंबई प्रांतांत विक्रीकराचा कायदा १९४६ सालीं झाला. तेव्हांपासून सुमारें सत्तर वर्षें विक्रीवरील कराचे दर राज्य सरकार ठरवीत असे. अर्थमंत्र्यांच्या भाषणानंतर अमुक वस्तु महागली व तमुक स्वस्त झाली, अशी चर्चा घरोघर चाले. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि हा अधिकार केंद्र व राज्यें यांच्या संयुक्त परिषदेकडे गेला. या परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश व सर्व राज्यांचें मिळून दोनतृतीयांश असतें, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागतें. मतदानांत महाराष्ट्राच्या मताचें वजन गोव्याच्या मताइतकेंच भरतें. सप्टेंबर २०२५ मध्यें या करांत मोठे फेरफार झाले, तेही परिषदेच्या बैठकींतच. तेव्हां कापडावरील अथवा यंत्रांवरील कर कमी करावा, अशी मागणी मुंबईच्या अर्थमंत्र्यांपुढें ठेवणें म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणें होय. परिषदेंत हा विषय मांडावा, एवढीच विनंति त्यांना करतां येईल.

मग राज्याच्या हातीं उरलें काय? पेट्रोल, डिझेल व मद्य यांवरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. यांपैकीं व्यवसाय कराविषयीं तक्रार फार होते. पण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें त्याची कमाल मर्यादा माणशीं वर्षाला २,५०० रुपये ठरविली आहे. त्यांत रकमेपेक्षां नोंदणीचा व विवरणपत्रांचा त्रास अधिक. डिझेलची गोष्ट निराळी. कच्च्या मालावर भरलेला वस्तु व सेवा कर कारखानदारास पुढील करांतून वजा करून मिळतो. डिझेलवरील कर तसा मिळत नाहीं. तो मालाच्या किंमतींत मुरतो आणि शेवटीं गिऱ्हाइकाच्या माथीं बसतो.

विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवितो, अंदाजपत्रक नव्हे. तरी अंदाजपत्रकाचा त्यांच्याशीं निकटचा संबंध आहे. शेतीपंपांना वीज उत्पादनखर्चाहून स्वस्त दिली जाते. त्यांतील तूट कांहीं अंशीं कारखाने व दुकानें यांच्याकडून चढा दर घेऊन, व कांहीं अंशीं सरकारी अनुदानानें भरून निघते. २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. शेतकऱ्यास साह्य द्यावें कीं नाहीं, हा येथें वादाचा विषय नाहीं. तें कोणाच्या खिशांतून द्यावें, हा आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें अशा अनुदानाची रक्कम सरकारनें आगाऊ द्यावयाची असते. ती पुरी व वेळेवर मिळाली नाहीं, तर वीज कंपनीच्या जमाखर्चांत भगदाड पडतें आणि दरवाढीची मागणी बळावते.

तिसरा विषय थकलेल्या बिलांचा. एखादा लहान कारखानदार सरकारी रुग्णालयास खाटा पुरवितो असें समजावें. लोखंडाचे पैसे त्यानें चुकते केलेले असतात, कामगारांचा पगार दरमहा द्यावाच लागतो आणि बिलाचे पैसे हातीं येण्यापूर्वींच त्यावरील कराचा भरणा करावा लागतो. २००६ च्या कायद्यानें सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावें, असेंही तोच कायदा सांगतो. पण ज्याच्याकडून पुढील काम मिळवावयाचें, त्याच्याकडेच व्याजाचा तगादा लावण्यास लहान माणूस धजत नाहीं. तो सावकाराचें दार ठोठावतो.

येथें खरी अडचण उभी राहते. २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानें राज्याच्या कर्जउभारणीस आळा घातला आहे. पगार, निवृत्तिवेतन व व्याज हे खर्च टाळतां येत नाहींत. वर्ष ओढगस्तीचें गेलें कीं कात्री लागते ती रस्ते, पूल व कालवे यांना, आणि लांबणीवर पडतात तीं पुरवठादारांचीं बिलें. उलट मोठ्या कारखान्यांना १९६४ पासून चालत आलेल्या प्रोत्साहन योजनेखालीं सवलती देऊं केलेल्या असतात. मुंबई-ठाण्याबाहेर उद्योग पसरावे, हा तिचा हेतु स्तुत्य आहे. परंतु प्रत्येक नव्या सवलतीचा बोजा पुढील अनेक वर्षांच्या तिजोरीवर पडतो. तेव्हां व्यापारी वर्गाच्या सर्वच मागण्या एकाच वेळीं पुरवितां येत नाहींत. त्यांतील कांहीं एकमेकींच्या आड येतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी आधीं ऐकली जाण्याचा संभव असतो.

म्हणून मागण्यांना क्रम हवा. झालेल्या कामाचे पैसे चुकते करणें हें पहिलें. कारण तें दान नसून देणें आहे. वीज अनुदानाची पुरी तरतूद हें दुसरें. अर्धवट राहिलेले रस्ते व औद्योगिक वसाहतींचें पाणी हें तिसरें. नव्या सवलती त्यानंतर.

ज्यांना हा क्रम पाळला गेला कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, त्यांनीं अर्थमंत्र्यांच्या भाषणावर विसंबूं नये. अंदाजपत्रकाच्या पुस्तकांत येत्या वर्षाच्या अंदाजाबरोबर चालू वर्षाचा सुधारित अंदाज व त्यामागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही छापलेला असतो. दोन वर्षांपूर्वींच्या पुस्तकांतील तरतूद काढून ती या प्रत्यक्ष खर्चाशेजारीं ठेवावी. एखाद्या रस्त्यासाठीं मोठी रक्कम धरली आणि खर्च मात्र थोडाच झाला असें दिसलें, तर यंदाच्या आंकड्यावर किती भरंवसा ठेवावा, हें कोणासहि समजेल.