शेअर कोणता आणि केव्हा? ताळेबंद व आलेखाची वेगवेगळी उत्तरे

मोशी, प्रतिनिधी –

पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी आणि चाकण यांच्या मधोमध मोशी आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाच्या एका अंगाला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथील जुने वाहन कारखाने, तर दुसऱ्या अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत. येथील असंख्य घरांची चूल वाहन उद्योगावर पेटते. साहजिकच शेअर घ्यायचा विचार मनात आला, की पहिले नाव याच कारखान्यांचे सुचते. ‘कंपनी रोज डोळ्यांसमोर आहे, फाटकातून गाड्या बाहेर पडताना दिसतात, मग आणखी काय पाहायचे?’ असा युक्तिवाद केला जातो. मात्र वाहन उद्योगात मंदी आली, तर ओव्हरटाइम आधी बंद होतो आणि त्याच सुमारास त्या कंपनीचा शेअरही घसरतो. पगार आणि शिल्लक एकाच खुंटीला टांगलेली असेल, तर खुंटी किती मजबूत आहे हे तपासणे अधिकच आवश्यक ठरते.

ही तपासणी करण्याच्या दोन रीती बाजारात रूढ आहेत. मूलभूत विश्लेषण आणि तांत्रिक विश्लेषण. त्यांत श्रेष्ठ कोणती, यावर गुंतवणूकदारांमध्ये मोठ्या हिरिरीने वाद होतात. हा वाद बराचसा निरर्थक आहे, कारण दोन्ही रीती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

शेत आणि बाजार

पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार मोशीतच आहे, त्यामुळे उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मेथी पिकविणारा शेतकरी जमीन, पाणी, बियाणे, कीड आणि खर्च यांचा हिशेब मांडतो. बाजारातील व्यापाऱ्याने ते शेत कदाचित पाहिलेलेही नसते. कालचा भाव काय होता, आज आवक किती आहे आणि माल झपाट्याने उचलला जातो आहे की पडून आहे, एवढ्यावर तो बोली ठरवतो. पहिला मालाची मूळ पत जाणतो, दुसरा त्या क्षणाची मागणी जाणतो. उत्तम पीक आवक वाढलेल्या दिवशी मातीमोल भावाने जाऊ शकते आणि सुमार पीक टंचाईच्या दिवशी सोन्याच्या भावाने.

मूलभूत विश्लेषण शेतकऱ्याच्या बाजूने पाहते. कंपनीची विक्री, नफा, कर्ज, हातात येणारी रोकड, व्यवस्थापनाचा लौकिक यांवरून धंद्याची किंमत अजमावणे हे त्याचे काम. या शास्त्राची पायाभरणी करणारा बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांचा ग्रंथ १९३४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तांत्रिक विश्लेषण व्यापाऱ्याच्या बाजूने पाहते. भाव आणि उलाढाल यांचे आलेख मांडून बाजाराचा कल ओळखणे हा त्याचा विषय. अमेरिकेतील चार्ल्स डाऊ यांच्या लिखाणातून त्याची मांडणी झाली, तर आज संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या ‘कॅन्डल’ची पद्धत जपानच्या तांदूळ व्यापारातून आली आहे.

फाटकातून न दिसणारा तोटा

मूलभूत विश्लेषण म्हणजे नफ्याचा आकडा पाहणे, असा समज सर्रास आढळतो. पिंपरीशी निगडित असलेल्या टाटा मोटर्सचेच उदाहरण घेऊ. जून २००८ मध्ये या कंपनीने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे ब्रिटिश व्यवसाय २३० कोटी डॉलरना विकत घेतले. काही महिन्यांतच जागतिक मंदीने महागड्या गाड्यांची विक्री आटली. २००८-०९ या वर्षात कंपनीच्या एकल हिशेबात, म्हणजे मुख्यतः भारतातील व्यवसायात, सुमारे १,००१ कोटी रुपयांचा नफा होता. मात्र परदेशी उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित हिशेबात सुमारे २,५०५ कोटींचा तोटा होता. कंपनी एक, वर्ष एक आणि चित्रे दोन. पिंपरीच्या फाटकावर उभे राहून यांतला दुसरा आकडा दिसणे अशक्य होते. त्यासाठी वार्षिक अहवालाची पाने उलटावी लागत होती.

त्याच वर्षी कंपनीने भागधारकांना ३४० रुपये दराने हक्कभाग देऊ केले. विक्री चालू असतानाच बाजारातील भाव त्याहून बराच खाली गेला. जो शेअर बाजारात स्वस्त मिळतो, तो कंपनीकडून महाग कोण घेणार? विक्रीचा मोठा भार अखेर प्रवर्तकांना आणि विक्रीची हमी घेणाऱ्यांना उचलावा लागला. पुढच्याच वर्षी, २००९-१० मध्ये, एकत्रित हिशेबात सुमारे २,५७१ कोटींचा नफा झाला आणि शेअर अनेक पटींनी वर आला. तळाला ज्यांनी घाबरून विकले आणि वर आल्यावर उत्साहाने घेतले, त्यांच्या वाट्याला या पुनरुज्जीवनातून फारसे काही आले नसणार.

वाहन उद्योगाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, आणि तो नवख्याला हमखास फसवतो. शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर उत्पन्न, म्हणजेच किंमत-उत्पन्न गुणोत्तर, कमी असेल तर शेअर स्वस्त, असा ढोबळ नियम सांगितला जातो. साबण किंवा टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीला तो बऱ्यापैकी लागू पडतो. तेजी-मंदीच्या फेऱ्यात फिरणाऱ्या धंद्यात तो उलटा पडतो. जुलै २०२४ मध्ये टाटा मोटर्सचा शेअर १,१०० रुपयांच्या पुढे होता. २०२३-२४ चा एकत्रित नफा ३१ हजार कोटींच्या वर असल्याने हे गुणोत्तर १५ च्याही आत होते, म्हणजे शेअर स्वस्त दिसत होता. मार्च २०२५ मध्ये तो ७०० च्या खाली उतरलेला होता. याउलट मार्च २०२० मध्ये भाव ७० रुपयांच्याही खाली होता, तेव्हा कंपनी तोट्यात असल्याने हे गुणोत्तर काढताच येत नव्हते. फेऱ्याच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून शेअर स्वस्त भासतो. तळाला नफाच नसतो, म्हणून तो नकोसा वाटतो. अशा कंपनीत एका वर्षाच्या नफ्याऐवजी सात-आठ वर्षांची सरासरी, कर्जाचा बोजा आणि मंदीत तग धरण्याची ताकद पाहणे श्रेयस्कर. टाटा मोटर्सच्या वाहन व्यवसायावरील कर्ज मार्च २०२५ अखेर हाती असलेल्या रोकडीपेक्षा कमी झाले होते. २०२० ते २०२४ च्या तेजीमागचे एक भक्कम कारण या कर्जफेडीच्या वाटचालीत सापडते.

फाटकावरच्या पाहणीची आणखी एक मर्यादा येथेच नोंदवलेली बरी. चाकणमध्ये ज्यांचे कारखाने आहेत त्या मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांच्या भारतीय कंपन्यांचे शेअर आपल्या बाजारात नोंदलेलेच नाहीत.

आलेख काय सांगतो

तांत्रिक विश्लेषणात शेकडो सूत्रे आहेत. नवख्याने त्यांतील दोन-तीन नीट समजून घेतली तरी पुरे. पहिले, चल सरासरी. मागील २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी रोज काढली, की एक रेषा मिळते. भाव तिच्या वर टिकून असेल तर दीर्घ कल तेजीचा, खाली रेंगाळत असेल तर मंदीचा, असे स्थूलमानाने मानतात. दुसरे, आधार आणि अडथळा. ज्या भावाला पूर्वी वारंवार खरेदी झाली तो आधार, जेथे वारंवार विक्री झाली तो अडथळा. तिसरी उलाढाल. थोड्याशा उलाढालीवर चढलेल्या भावावर जाणकार सहसा विसंबत नाहीत.

या साधनांचा उपयोग भविष्य वर्तविण्यापेक्षा सावध करण्यासाठी अधिक होतो. २०१५ मध्ये टाटा मोटर्सचा शेअर ६०० रुपयांच्या आसपास होता. २०१८ चा बहुतांश काळ तो २०० दिवसांच्या सरासरीखाली होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य घटवल्यामुळे कंपनीने एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटींचा तोटा जाहीर केला. त्याच्या कितीतरी आधीपासून आलेख उतरता होता. कोणाला तरी काही तरी जाणवत होते आणि ते विकत होते, एवढेच आलेख सांगत होता. कारण काय, हे त्याला माहीत नव्हते.

मात्र त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेअर खालच्या भावालाच उघडला आणि आदल्या दिवशीच्या बंद भावाजवळ ‘स्टॉप लॉस’ लावणाऱ्यांना तो भाव मिळाला नाही. स्टॉप लॉस ही विक्रीची सूचना आहे, भावाची हमी नाही.

आलेखाचा आंधळा वाचक कसा फसतो, याचे अलीकडचे उत्तम उदाहरणही याच कंपनीचे आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी ६६० रुपयांच्या आसपास बंद झालेला टाटा मोटर्सचा शेअर दुसऱ्या दिवशी ४०० रुपयांवर उघडला. एका रात्रीत जवळपास ४० टक्के! प्रत्यक्षात कोणाचेही एवढे नुकसान झाले नव्हते. व्यापारी वाहनांचा व्यवसाय कंपनीतून वेगळा काढला होता आणि प्रत्येक भागधारकाला एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळणार होता. हा नवा शेअर १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बाजारात नोंदला गेला. टाटा मोटर्स हे नाव आता व्यापारी वाहनांच्या कंपनीकडे आहे, तर मोटारी आणि जग्वार लँड रोव्हर असलेली जुनी कंपनी टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झाली आहे. जुने आकडे दुरुस्त न केलेल्या आलेखावर हा प्रकार भयंकर कोसळण्यासारखा दिसतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोचे २००८ मध्ये असेच विभाजन होऊन बजाज फिनसर्व्ह ही कंपनी वेगळी झाली होती. त्या सुमाराचे आलेखही जपूनच वाचावे लागतात.

दोन्ही रीतींना न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. सत्यम कॉम्प्युटर्सचे हिशेबच खोटे होते. ७ जानेवारी २००९ रोजी संस्थापकाने ते कबूल करताच शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला. ताळेबंद मन लावून वाचणाऱ्यांनी खोटा ताळेबंदच मन लावून वाचला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे कारखाने अनेक आठवडे बंद राहिले, तेही कोणत्या गुणोत्तरात आधी दिसले नव्हते.

घेताना व्यापारी, अडकल्यावर गुंतवणूकदार

पैसा बहुधा या दोन रीतींची सोयीस्कर सरमिसळ केल्याने जातो. समजा, आलेखाने अडथळा ओलांडला म्हणून कोणी ५०० रुपयांना शेअर घेतला आणि ४६५ खाली गेला तर विकायचा, असे ठरवले. भाव ४६० झाला. आता हात विकायला धजत नाही. मग ‘कंपनी चांगली आहे, मूळ धंदा भक्कम आहे’ असे स्मरण होते, आणि ज्याने ताळेबंद कधी उघडला नाही तो एकाएकी दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार होतो. उलट बाजूनेही असेच घडते. पाच वर्षांसाठी विचारपूर्वक घेतलेला शेअर आठवडाभराच्या आलेखाला घाबरून विकला जातो. ज्या कारणासाठी शेअर घेतला, ते कारण संपल्यावर तो विकायचा. आलेखावर घेतलेला आलेखावर, धंद्यावर घेतलेला धंदा बिघडल्यावर. खरेदीच्या दिवशी वहीत कारण आणि तारीख लिहून ठेवली, तर नंतर स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

दोन्हींचा मेळ घालायचा तर क्रम असा ठेवता येतो. कोणती कंपनी, हे ताळेबंदावरून ठरवावे. कधी आणि किती, हे आलेखावरून. ‘किती’ हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात, म्हणून त्याचे गणित येथे देत आहोत. एकूण भांडवल दोन लाख रुपये आहे आणि एका व्यवहारात त्याच्या एक टक्का, म्हणजे २,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाहीत, असे ठरवले. वरील उदाहरणात खरेदी ५०० ला आणि बाहेर पडण्याचा भाव ४६५. प्रतिशेअर धोका ३५ रुपये. २,००० ला ३५ ने भागले, की ५७ शेअर येतात. खरेदीची रक्कम झाली २८,५००. सारे दोन लाख एकाच शेअरमध्ये ओतणाऱ्याला याच घसरणीत १४ हजारांचा फटका बसतो.

वायदे आणि ऑप्शनचा व्यवहार मात्र या लेखातील गुंतवणुकीपासून दूरच ठेवावा. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. जुलै २०२५ मधील पुढच्या अभ्यासात २०२४-२५ साठी हे प्रमाण ९१ टक्के आढळले. एका दिवसातच खरेदी-विक्री करणाऱ्यांविषयीच्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते. यांतील कित्येकांनी आलेख पाहिले नसतील असे मानण्याचे कारण नाही.

अभ्यासाचे साहित्य फुकट उपलब्ध आहे. कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत शेअर बाजाराला कळवावे लागतात. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर ते वार्षिक अहवालांसह मिळतात. निकाल पाहताना ‘एकत्रित’ या रकान्यापासून सुरुवात करावी. पैसे घेऊन शेअरची शिफारस करणाऱ्या विश्लेषकाला ‘सेबी’ची नोंदणी बंधनकारक आहे. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तक्रार करायची झाल्यास ‘स्कोअर्स’ या तिच्या संगणकीय यंत्रणेवर नोंदवता येते. ठरावीक परताव्याची हमी देण्याची मुभा नोंदणीकृत सल्लागारालाही नाही.