कोठडीच्या आत कोण डोकावून बघतं?



केंद्रप्रमुख अमुक दिवशी भेटीला येणार असं आधी कळलं, की त्या दिवशी शाळा कशी असते ते आपल्याला माहीतच आहे. फळ्यावर ताजा सुविचार, पोषण आहाराची नोंद पूर्ण, पोरं चिडीचूप. न सांगता आले, तर मात्र शाळा जशी आहे तशी दिसते. पोलीस कोठडीचं आणि तुरुंगाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की आपल्या शाळेतलं पोरगं संध्याकाळी घरी जाऊन आईला सगळं सांगतं, कोठडीतल्या माणसाला ती सोय नाही. मग आत मारहाण होत नाही ना, हे बघायला बाहेरच्याच कुणीतरी आत जावं लागतं.

हे आपल्या महाराष्ट्रात एकदा फार चांगलं घडून आलं, ते आधी सांगते. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे परवानगी घेऊन मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये गेल्या आणि १५ स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत असताना आम्हाला मारलं. बारसे यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्रच, पण कोर्टाने तीच याचिका मानली. मग निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कोर्टाने सांगितलं, की तुम्ही जेलमध्ये जा, या बायकांशी बोला, आणि बोलताना तिथे दुसरं कोणीही नको. ही शेवटची अट लक्षात ठेवा. शिपाई शेजारी उभा असेल तर कोण खरं बोलेल? मुख्याध्यापकांसमोर मुलाला "सर मारतात का रे?" विचारलं तर तो काय सांगणार!

१५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला शिपाई. अटक झालेल्याच्या नातेवाइकाला लगेच कळवायचं. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून कोठडीत लावायचे. माणूस मॅजिस्ट्रेटसमोर आला, की त्यांनी स्वतःहून विचारायचं, तुला पोलिसांनी मारलं का, आणि वैद्यकीय तपासणी मागायचा तुला हक्क आहे हेही सांगायचं. आणि आपल्या विषयाचं म्हणजे, मुंबईत सत्र न्यायाधीशांनी अधूनमधून अचानक कोठड्यांना भेट द्यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे आपल्यासाठी यवतमाळला, हे काम जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांचं. अचानक, हं. सांगून नाही.

हीच कल्पना जगात वेगळ्या वाटेने आली. जिनिव्हाचे झां-जाक गोतिए यांनी पाहिलं, की युद्धकैद्यांना रेडक्रॉसची माणसं भेटतात, तर साध्या तुरुंगांना अशी भेट का नको? १९७७ मध्ये त्यांनी त्यासाठी समिती काढली. छळ झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून आधीच जाऊन बघणं, हा त्यांचा आग्रह. १९८७ मध्ये युरोपने तसा करार केला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी कराराला जोड-करार मंजूर केला, तो २००६ पासून लागू आहे. त्यात २५ तज्ज्ञांची उपसमिती आहे. जे देश सामील झाले, तिथल्या कोणत्याही कोठडीत, तुरुंगात, मनोरुग्णालयातही ती जाऊ शकते आणि कैद्याशी एकांतात बोलू शकते. शिवाय त्या देशाने स्वतःचीही अशी भेट देणारी यंत्रणा उभी करायची असते.

आणि आपण? छळविरोधी मूळ करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन अजून केलेलं नाही. म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, वर्गात पाय नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली. जोड-करारात तर आपण नाहीच, त्यामुळे ती उपसमिती त्याच्या आधारे यवतमाळच्या कारागृहाचं दार वाजवू शकत नाही. काही जण म्हणतात, बाहेरच्यांनी आपल्यात कशाला डोकवावं? मला हे पटत नाही, पण मानलं तरी घरच्यांनी तरी डोकवायला हवंच ना. न्यायाधीशांच्या भेटी आहेत, तुरुंगांसाठी अभ्यागत मंडळं आहेत, कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचा नियम आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय. कॅमेरा मात्र कुणाला एकांतात विचारत नाही.

मुलांना हे कसं सांगायचं? २ जानेवारीच्या पोलीस स्थापना दिनाच्या आठवड्यात बऱ्याच शाळा मुलांना ठाणं दाखवायला नेतात. लॉकअप दिसलं की एखादं पोरगं हमखास विचारतं, "आत मारतात का?" त्याला "चांगला वागलास तर नाही मारत" असं सांगू नका. त्याचा अर्थ वाईट वागणाऱ्याला मारलं तर चालतं, असा तो घेतो. सांगा, की मारायची परवानगी कुणालाच नाही, चोराला पकडलं तरी नाही. आणि १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेचे नियम प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावायला सांगितलेत. साहेबांना विचारून तो फलक शोधा आणि पाचवीच्या एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा.