अडीच किलोच्या आतलं बाळ

काट्यावर बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरलं की बाळंतिणीच्या मनात दोन प्रश्न येतात: हे जगेल ना, आणि पुढे इतर मुलांसारखं बोलेल, शिकेल ना? पहिला ती डॉक्टरांना विचारते. दुसरा बहुतेकदा मनातच राहतो.

दोन किलोची दोन बाळं सारखी नसतात. एक चौतिसाव्या आठवड्यातच आलेलं असतं, म्हणजे त्याला दिवस कमी पडले. दुसरं पुरे दिवस भरूनही लहान असतं, कारण त्याला पोटात पोषण कमी पडलं. अशा वेळी गर्भाचं शरीर एक थक्क करणारी गोष्ट करतं: मिळेल त्या रक्ताचा मोठा वाटा मेंदूकडे वळवतं आणि बाकी अवयवांची वाढ आवरती घेतं. मेंदू त्यामुळे बराचसा वाचतो, पण पूर्णपणे नाही. म्हणूनच अशा मुलांत भाषा, लक्ष आणि हातांची हालचाल थोडी मागे राहण्याचा धोका सरासरीने जास्त असतो.

याचा एक मोलाचा अभ्यास पुणे जिल्ह्यातच झाला. १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पाबळ परिसरातल्या सहा गावांत गर्भारपणापासून नोंदी ठेवल्या. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या मातांची बाळं मोठी होती; शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या मातांची लहान. पुढे ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे होती. एकट्या वजनाच्या आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात हे निष्कर्ष मला फार जवळचे वाटतात. गळीत हंगामात कोयत्यावर आलेली गर्भार बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीत चढते आणि रात्री कोपीत चूल पेटवते. टोळी दुसऱ्या फडावर हलली की तिची तपासणी मागे पडते. या बायकांपर्यंत दूध, पालेभाजी आणि लोहाच्या गोळ्या पोचवणं हेच बाळाच्या मेंदूचं पहिलं संगोपन आहे.

जन्मानंतरही बरंच हातात असतं. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिने लहान बाळांचे मृत्यू कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं आहे. सोबत निव्वळ आईचं दूध हवं आणि भरपूर बोलणं हवं. सहा आठवडे आधी आलेल्या बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावेत; चौथ्या महिन्यात मान धरली नाही म्हणून लगेच घाबरू नये.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येते, आणि नंतर तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. ती आली की वजनाबरोबर एवढं नक्की विचारा: बाळ आवाजाकडे वळतं का, नजर मिळवतं का, हात पुढे करतं का? शंका वाटली तर वाट न पाहता तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा.