घाट, गिअर आणि डिझेल

बोरघाट चढणारा ट्रेलर आपण पाहतो. इंजिन जोरात घोंगावत असते, पण गाडी मात्र सायकलच्या वेगाने सरकते. मोठे इंजिन बसवले तर डिझेल जास्त लागेल, हे मालकाचे उत्तर. ते बरोबर आहे का? थोडे गणित करून पाहू.

ट्रेलरसह वजन २५ टन आणि चढ २० मीटरला १ मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १२,००० न्यूटन आणि टायरच्या घर्षणासाठी २,००० न्यूटन, असे १४,००० न्यूटन बल लागते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून ताशी २० किलोमीटरने चढायला सुमारे ७८ किलोवॅट पुरतात, ४० ने चढायला त्याच्या दुप्पट लागतात. चढाचा वेग शक्ती ठरवते. गिअर ठरवतो तो चाकाला मिळणारा जोर.

आता समजा, इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० न्यूटन-मीटर आहे. मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ६ आणि चाकाची त्रिज्या अर्धा मीटर. टॉप गिअरमध्ये (गुणोत्तर १) चाकाशी ४०० × ६ ÷ ०.५ = ४,८०० न्यूटन मिळतात. सपाटीवर ते पुरेसे, घाटात अपुरे. चारपट गुणोत्तराचा गिअर टाकला की १९,२०० मिळतात. गिअरपेटीत थोडे वाया जाऊनही काम भागते.

ओढ वाढवायला काही जण अॅक्सलचे गुणोत्तर ६ चे ७ करून घेतात. ओढ वाढते हे खरे. पण टॉप गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला १,६०० ऐवजी १,८५० फेरे होतात. फेरे वाढले की इंजिनातले घर्षण वाढते, आणि सपाटीच्या प्रत्येक किलोमीटरला त्याची किंमत डिझेलने मोजावी लागते.

दुसरा मार्ग टर्बोचार्जरचा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. तेवढ्याच आकाराच्या इंजिनाचा टॉर्क समजा ५०० झाला. आता अॅक्सलचे गुणोत्तर ५ ठेवले, तरी ५०० × ५ = २,५००; पूर्वीच्या ४०० × ६ = २,४०० पेक्षा थोडे जास्तच! आणि फेरे उतरले १,३२५ वर. ओढ तीच, घर्षण कमी. मात्र वाढलेला जोर क्लच, गिअरपेटी आणि रेडिएटर यांना पेलला पाहिजे.

एक गोष्ट कोणत्याही युक्तीने टळत नाही. २५ टन ५०० मीटर उंच न्यायला सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटींहून थोडी जास्त असते, पण चाकापर्यंत तिचा साधारण तिसरा हिस्सा पोहोचतो. म्हणजे दहा लिटर डिझेल घाटाला द्यायचेच. वाचवायचे ते सपाटीवर.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणे तर जिवावरचे आहे. इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. शिवाय गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल देणे थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच.

गिअरची सायकल वर्गाबाहेर उलटी ठेवा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फेरे घेते, ते प्रत्येक गिअरमध्ये मुलांना मोजू द्या. मग हीच सायकल चढावर चालवायला सांगा. उरलेले त्यांचे पायच सांगतील.